‘सपोर्ट संपला’ म्हणजे नेमकं काय संपलं? वढू बुद्रुकमधला एक छोटा लॅपटॉप आणि आपली साधनं

‘पेट’ची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न संशोधन पद्धतीचा नसतो. तो असतो, “ताई, बजेट पंचवीस हजार आहे, लॅपटॉप कोणता घेऊ?” अलीकडे त्याला एक शेपूट जोडलं गेलंय. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि जुन्या स्वस्त लॅपटॉपवर विंडोज ११ रीतसर बसत नाही. म्हणून पुढचा प्रश्न येतो, “मग हा विकून टाकू का?”

तुम्ही इतिहासात संशोधन करणार असाल तर माझं उत्तर आहे, घाई करू नका. नवा घ्यायचा तर जरूर घ्या, पण जुना भंगारात घालण्याआधी हा लेख वाचा. सपोर्ट संपलेली ऑपरेटिंग सिस्टीम आणि तिच्यावर चालणारा किरकोळ लॅपटॉप हे कधीकधी एखाद्या साधनापर्यंत पोचायची एकमेव वाट असतात. हे मला पुस्तकातून कळलं नाही. वढू बुद्रुकला एका घरात बसून कळलं, तेही एक चूक करून.

गुरुजींचं टिपण

वढू बुद्रुक तुम्हाला ठाऊक आहे. शिरूर तालुका, भीमेचा काठ, छत्रपती संभाजी महाराजांची समाधी. ११ मार्च १६८९ ही तारीख आपण सगळेच शाळेपासून पाठ म्हणतो. मी तिथे गेले होते ती मात्र सतराव्या शतकासाठी नाही. गावातली माणसं आपल्या गावाचा इतिहास कसा सांगतात, आणि ते सांगणं काळाबरोबर कसं बदलतं, हा माझा विषय.

एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांनी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना गाठून त्यांच्या आठवणी टिपून ठेवल्या आहेत, असं कळलं. सांगणारी बहुतेक माणसं आता हयात नाहीत. गुरुजींनी वह्या काढल्या असतील असं मला वाटलं. त्यांनी काढला तो दहा इंची पडद्याचा एक काळा लॅपटॉप. एक जीबी रॅम, सीडी ड्राइव्ह नाही, बॅटरी मेलेली, वायर काढली की बंद. चालू झाला तो विंडोज एक्सपीवर. एका बाजूला यूएसबीत एक छोटं लॉक कायमचं खोचलेलं. ते काढलं की मराठी टायपिंगचं पॅकेज उघडत नाही.

“मुलानं २००९ च्या दिवाळीत घेऊन दिलाय,” गुरुजी म्हणाले. “दुकानदार म्हणतो फेकून द्या. पण माझं सगळं यातच हाय की.”

आता माझी चूक. मी फाइली पेन ड्राइव्हवर घेतल्या, माझ्या नव्या लॅपटॉपला लावल्या आणि पहिलीच फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस आणि डॉलरची चिन्हं यांची खिचडी. फॉन्ट बदलून बघितला, काही जमलं नाही, आणि बंद करताना ‘सेव्ह’ला हो म्हणून बसले. फाइल उघडली तर नाहीच, वर तिच्यावर त्या दिवसाची तारीख चढली. मूळ प्रत गुरुजींच्या लॅपटॉपवर होती म्हणून निभावलं. नसती तर काय गेलं असतं, ते पुढे सांगते. आधी हे यंत्र असं का आहे ते बघू.

यंत्र जन्मालाच म्हातारं

एक्सपी बाजारात आली २५ ऑक्टोबर २००१ रोजी. तिच्यानंतर व्हिस्टा आली आणि ३० जून २००८ नंतर एक्सपी नव्या संगणकांवर द्यायची नाही असं मायक्रोसॉफ्टनं ठरवलं होतं. पण मधेच एक गोष्ट घडली. २००७ च्या ऑक्टोबरात आसुस कंपनीनं ‘ई पीसी’ नावाचा सात इंची स्वस्त लॅपटॉप आणला. पुढच्या वर्षी इंटेलचा ‘ॲटम’ प्रोसेसर आला आणि अशा लॅपटॉपची रांगच लागली. यांनाच नेटबुक म्हणायचे. व्हिस्टा त्यांना पेलणारी नव्हती. पहिले ई पीसी तर लिनक्सवर आले होते. हा बाजार हातचा जाईल हे दिसल्यावर एप्रिल २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की अगदी स्वस्त लॅपटॉपपुरती एक्सपी होम चालू राहील. ती सवलत ऑक्टोबर २०१० पर्यंत टिकली.

म्हणजे बघा, गुरुजींच्या घरात लॅपटॉप आला तेव्हा त्यातली प्रणाली आठ वर्षांची होती आणि तिचा मुख्य सपोर्ट १४ एप्रिल २००९ लाच संपला होता. त्यानंतर फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत होत्या, त्याही ८ एप्रिल २०१४ पर्यंत. आपण सहज म्हणतो, “लोक जुनं सोडत नाहीत.” पण इथे माणसानं जुनं धरून ठेवलेलं नाही. कमी पैशात जे नवं मिळत होतं तेच जुनं होतं. साधनाचं वय आणि ते वापरणाऱ्याचा खिसा यांचा असा संबंध असतो. ताम्रपट कोणाला परवडायचा आणि कागद कोणाला, हे आपण विचारतोच. मग ऑपरेटिंग सिस्टीमबद्दलही विचारायला हवं.

मजकूर फाइलीत आहे, मराठी फॉन्टात आहे

आता त्या खिचडीकडे येऊ. हे ज्यांना माहीत आहे त्यांनी परिच्छेद सोडला तरी चालेल, पण माझ्या अनुभवात एमए झालेल्या मुलांनाही ते ठाऊक नसतं.

संगणक अक्षरं ठेवतो ती आकड्यांच्या रूपात. कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर, हे सगळ्यांचं एकच ठरलेलं असलं तर माझी फाइल तुम्हाला वाचता येते. आज युनिकोडमुळे ते ठरलेलं आहे. नव्वदच्या दशकात ते नव्हतं. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक आलं खरं, पण छपाईच्या धंद्यात वेगळाच मार्ग रूढ झाला. पुण्याच्या सी-डॅकचे फॉन्ट, पुण्याच्याच मॉड्युलर कंपनीचं श्री-लिपी, आकृती अशी पॅकेजं आली. इंग्रजी अक्षरांसाठी असलेल्या दोनशे-सव्वादोनशे घरांत त्यांनी देवनागरीचे तुकडे बसवले: अर्धा क, काना, वेलांटी, रफार. कुठला तुकडा कुठल्या घरात, हे प्रत्येकाचं वेगळं. वर्तमानपत्रं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, प्रबंध, ग्रामपंचायतीच्या नोटिसा, सगळं यातच निघालं. पेजमेकरमध्ये पान लावायचं आणि यातला फॉन्ट वापरायचा, ही डीटीपीची पद्धतच होती.

एक्सपीत युनिकोड मराठीची सोय होती. पण ती आपोआप चालू नसायची. कंट्रोल पॅनेलात जाऊन भाषेच्या खिडकीत एक खूण करावी लागायची आणि मग ती बऱ्याचदा विंडोजची सीडी मागायची. नेटबुकला सीडी ड्राइव्हच नाही! शिवाय गुरुजींसारखी माणसं मराठी टंकलेखनाची परीक्षा दिलेली. त्यांच्या बोटांना टाइपरायटरचा कळफलक माहीत, आणि तो ही पॅकेजं देत होती. म्हणून युनिकोड यंत्रात असूनही ते वापरलं गेलं नाही.

परिणाम असा, की १९९० ते २०१० या वीसेक वर्षांतला कितीतरी मराठी मजकूर अशा फाइलींत आहे. तो वाचायला तो फॉन्ट लागतो, फॉन्टला पॅकेज लागतं, पॅकेजला लॉक लागतं आणि लॉकच्या ड्रायव्हरला जुनी ३२ बिटची विंडोज लागते. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. तिच्या फाइली आजचं इनडिझाइन उघडत नाही.

तुम्हाला हे कशासारखं वाटतं? मला मोडीसारखं वाटलं. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद शाबूत आहेत, शाई शाबूत आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळा-कचेऱ्यांतून मोडी मागे पडली आणि वाचणारे कमी झाले. कागद तोच, पण दार बंद. योगायोग बघा: मोडी लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली जून २०१४ मध्ये, आणि एक्सपीचा सपोर्ट संपला त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये. दोनशे वर्षांपूर्वीच्या लिपीला संगणकात घर मिळालं, आणि वीस वर्षांपूर्वीच्या मराठीचं घर त्याच सुमारास पडायला लागलं.

‘कन्व्हर्टर आहे की’

हे मला प्रत्येक जण सांगतो. आहेत, चांगले आहेत, मीही वापरते. पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका.

जुन्या फॉन्टात अक्षरं दिसतात त्या क्रमानं ठेवलेली असतात. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: वेलांटी व्यंजनानंतर, रफाराचा र आधी. रूपांतर करताना ही उलटापालट करावी लागते आणि जोडाक्षर आलं की गफलत होते. ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ यांत फक्त र च्या रूपाचा फरक आहे. इनाम विद्वानाला मिळालं की स्वयंपाक्याला, हे त्या एका तुकड्यावर ठरतं.

आता आमच्या गावाचं नाव घ्या. बुद्रुक. त्यातलं ‘द्रु’ हे जोडाक्षर आणि उकार रूपांतरात फुटतं, रकार आणि उकार यांची जागा बदलते. डोळ्यांनी वाचताना आपण समजून घेतो, पण शोध लावला की संगणकाला ‘बुद्रुक’ सापडत नाही. नदीपलीकडे हवेली तालुक्यात वढू खुर्द आहे. दोन गावांच्या नावांत फरक फक्त शेवटच्या शब्दाचा. तो शब्दच मोडला तर तुमच्या यादीत उरतं नुसतं ‘वढू’, आणि दोन गावांची माणसं एका गावात जमा होतात. गुरुजींच्या टिपणात दोन्ही गावांतल्या सोयरिकी आहेत. मी पहिल्यांदा केलेल्या नोंदीत अशी चार कुटुंबं चुकीच्या काठावर गेली होती. मूळ फाइल त्या लॅपटॉपवर उघडून, शेजारी रूपांतर ठेवून, ओळ न् ओळ ताडून बघितलं तेव्हा कळलं.

म्हणूनच ते यंत्र चालू असणं महत्त्वाचं. रूपांतर ही नक्कल आहे. नक्कल ताडायला अस्सल लागतं.

तारीख कोणाची?

आता त्या ‘सेव्ह’च्या चुकीकडे येते.

डिसेंबर २०१७ च्या अखेरीस वढू बुद्रुकमध्ये एका फलकावरून तणाव झाला. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार झाला आणि राज्य सरकारनं न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. त्या प्रकरणावर मी इथे मत देणार नाही. संशोधक म्हणून एवढंच सांगते, की त्या दिवसांनंतर या परिसरात कोणीही इतिहास सांगितला तर ऐकणारा पहिल्यांदा विचारतो, “हे तुम्ही तेव्हापासून म्हणताय की आधीपासून?” एखाद्या म्हाताऱ्या माणसानं २००५ साली काय सांगितलं होतं, याची किंमत मग फार वाढते. आणि ते २००५ सालीच टिपलं होतं हे दाखवायला फाइलीची तारीख हा एक पुरावा असतो. मी ‘सेव्ह’ दाबून नेमकी तीच पुसली होती.

पण थांबा, ती तारीखसुद्धा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराची उलटतपासणी करायचीच.

गुरुजींच्या लॅपटॉपवर अकरा फाइली १ जानेवारी २००९ या तारखेच्या निघाल्या, सगळ्या मध्यरात्रीनंतरच्या पहिल्या तासातल्या. लॅपटॉप घरात आला त्याच्या दहा महिने आधी! कारण साधं होतं. आतला घड्याळाचा सेल संपलेला. वायर काढली की यंत्र आपल्या मूळ तारखेला जाऊन बसतं. म्हणजे या फाइली सेल संपल्यानंतरच्या, बहुधा सगळ्यांत अलीकडच्या. नुसती यादी बघून मी त्यांना जुन्यांत धरलं असतं.

उलट काही फाइलींत ‘तयार केल्याची’ तारीख २००९ ची आणि ‘शेवटच्या बदलाची’ २००६ ची. तयार होण्याआधीच बदल? हेही कोडं नाही. विंडोजमध्ये फाइल दुसऱ्या यंत्रावर नकलली की तयार झाल्याची तारीख नवी पडते, बदलाची जुनीच राहते. म्हणजे त्या फाइली आधीच्या संगणकावर टाइप झाल्या आणि नेटबुक आल्यावर त्यावर आल्या. गुरुजींनी सांगितलं तेही हेच.

तरी मी तेवढ्यावर थांबले नाही. ‘फाइल २००६ ची आहे’ असं लिहिणं आणि ‘त्या संगणकाचं घड्याळ २००६ दाखवत होतं’ असं लिहिणं यात फरक आहे. गुरुजींना कोणाकडे जाऊन आलं की कॅलेंडरच्या पानामागे नाव लिहायची सवय. ती पानं माळ्यावर होती. फाइली आणि पानं ताडली. बऱ्याच जुळल्या, तीन जुळल्या नाहीत. जुळल्या नाहीत त्या प्रबंधात ‘तारीख अनिश्चित’ म्हणून जातील. ज्या टिपणावर मला सगळ्यात जास्त लिहायचं होतं, ते त्या तिघांत आहे. वाईट वाटलं, पण इलाज नाही.

मग हे यंत्र नेटला लावायचं का?

नाही. अजिबात नाही.

सपोर्ट संपला म्हणजे यंत्र थांबत नाही. नवी भोकं सापडली तर ती बुजवणारं कोणी उरत नाही. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टला तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठी खास दुरुस्ती काढावी लागली. आपल्याकडे एटीएमसुद्धा एक्सपीवर चालत होती. रिझर्व्ह बँकेनं जून २०१८ मध्ये परिपत्रक काढून ती जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्यानं बदलायला सांगितली.

इथेही एक धडा घ्या. ‘वॉनाक्राय पसरला तो एक्सपीमुळे’ हे वाक्य तुम्हाला खूप ठिकाणी सापडेल. कॅस्परस्कीच्या मोजणीत मात्र बाधित यंत्रांपैकी सुमारे ९८ टक्के विंडोज ७ ची होती. तिचा सपोर्ट तेव्हा चालू होता, दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, लोकांनी ती बसवली नव्हती. सगळे म्हणतात म्हणून खरं मानायचं नाही, हा नियम संगणकाच्या इतिहासालाही लागू आहे. पण यावरून ‘एक्सपी सुरक्षित’ असा अर्थ काढू नका. वायफाय बंद, ईमेल नाही, बँकेचं काही नाही. दप्तरखान्यात आपण चहा नेतो का? तसंच.

तुम्ही काय करायचं

पहिलं, असं यंत्र हाती आलं तर काही उघडण्याआधी सगळ्या डिस्कची जशीच्या तशी प्रत घ्या. एकेक फाइल नकलू नका. त्या प्रतीचा हॅश, म्हणजे फाइलीच्या बोटाचा ठसा म्हणा, काढून वहीत लिहा. पुढे एक अक्षर जरी बदललं तरी ठसा बदलतो.

दुसरं, यंत्राचं वर्णन लिहा: प्रणाली, पॅकेज, फॉन्टचं नाव, चालू केल्यावर घड्याळ काय दाखवतं आणि खरी वेळ काय. हस्तलिखिताच्या कागदाचं, शाईचं वर्णन करतो तसं.

तिसरं, त्या यंत्रावरूनच फॉन्टसकट पीडीएफ काढा. त्यात शोध लागणार नाही, पण मजकूर दिसतो तसा गोठेल. मग वेगळ्या प्रतीवर युनिकोड रूपांतर करा आणि गावं, आडनावं, जोडाक्षरं हातानं ताडा.

चौथं, तुमच्या नव्या लॅपटॉपला आठ-सोळा जीबी रॅम असेल तर जुनी प्रणाली त्याच्यात आभासी यंत्र म्हणून चालवून बघा. बऱ्याचदा जमतं. लॉकवालं पॅकेज मात्र अडू शकतं, म्हणून मूळ यंत्र टाकू नका. त्यावर लिनक्स घालायचा मोहही टाळा. एक्सपी गेली की पॅकेज गेलं. शिवाय डेबियनसारख्या वितरणानंही ऑगस्ट २०२५ मधल्या तेराव्या आवृत्तीपासून ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद केलाय.

आणि विंडोज १० चा तुमचा स्वतःचा लॅपटॉप? घरगुती वापरासाठी सुरक्षेच्या दुरुस्त्यांची जादा मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, तिची नोंदणी करा. त्या काळात स्वतःच्या नोंदी साध्या, उघड्या फॉरमॅटमध्ये काढून ठेवा. वीस वर्षांनी तुमच्या मुलाखती कोणाला तरी वाचायच्या असतील.

राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या घरांतले कागद गोळा करायचे, त्यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली निघाला. तो खंड आज ग्रंथालयात जाऊन कोणीही उघडू शकतं. गुरुजींचं २००६ चं टिपण उघडायला मला त्यांच्याच घरी, त्यांच्याच टेबलावर बसावं लागलं. आपल्या पिढीला ज्या घरांत जायचंय तिथे माळ्यावर रुमाल असतील, तसे काळे छोटे लॅपटॉपही असतील. घरातली मुलं ते भंगारवाल्याला द्यायच्या बेतात असतील. तुम्ही आधी पोचा.

गुरुजींनी परवा फोन केला होता. पडद्यावर एक उभी रेघ यायला लागली आहे म्हणाले. मी येत्या रविवारी बाहेरून जोडायचा मॉनिटर घेऊन वढूला जातेय. अजून सव्वीस फाइली ताडायच्या बाकी आहेत.